थंडीत पंप जाम, उन्हात गाडी धुरकट : टू स्ट्रोकचं कार्बोरेटर हवामानाप्रमाणं कसं लावायचं

जालना (प्रतिनिधी) : तूर फुलोऱ्यात आली, शेंगा पोखरणारी अळी दिसायला लागली की पेट्रोलवरचे पाठीवरचे पंप पुन्हा बाहेर निघतात. नेमकी तीच वेळ थंडीची. पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनवर सुरळीत चाललेला पंप डिसेंबरच्या सकाळी दोन टाक्या मारल्या की तापतो, जोर सोडतो आणि एक दिवस दोरी ओढली तर हलतच नाही. पिस्टनने बोअर धरलेला असतो. मिस्त्री म्हणतो ऑईल कमी टाकलं असेल, शेतकरी म्हणतो ऑईल बरोबर होतं. दोघांचं भांडण होतं, पण कार्बोरेटरकडं कुणी बघत नाही. तोपर्यंत फवारणीचे तीन-चार दिवस जातात, आणि अळी काही पंप दुरुस्त व्हायची वाट बघत नाही.

टू स्ट्रोक इंजिन हवामान बदललं की बिघडतं, याचं कारण साधं आहे. कार्बोरेटरला हवा थंड आहे की गरम हे कळत नाही. ते आपण लावलं त्या मापानं पेट्रोल देत राहतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना हे कळतं, कारण त्यात सेन्सर असतो. म्हणून हा लेख फक्त जुन्या पद्धतीच्या टू स्ट्रोकसाठी आहे: पाठीवरचा पेट्रोल पंप, गवत कापायचा ग्रास कटर, लाकूड कापायची चेन सॉ, आणि गावात अजून फिरणाऱ्या लुना, टीव्हीएस 50, एक्सएल सुपर, राजदूत, एम 80, आरएक्स 100. लुना 1972 मध्ये आली आणि आरएक्स 100 1985 ते 1996 या काळात बनली, तरी आठवडी बाजाराच्या दिवशी बघा, अजून दिसतात. आता आलेल्या इलेक्ट्रिक लुनाला कार्बोरेटरच नाही, आणि एक्सएल 100 फोर स्ट्रोक आहे, त्यांना यातलं काही लागू नाही.

थंड हवा जड, गरम हवा हलकी

आपल्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात दुपारी 42 च्या पुढं जातो. जालना समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटर उंच आहे. या उंचीवर 10 अंशाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.18 किलो भरतं, 42 अंशाला तेवढ्याच हवेचं सुमारे 1.06 किलो. म्हणजे पहाटेच्या थंडीत इंजिनात जाणारी हवा मे महिन्याच्या दुपारपेक्षा दहा-अकरा टक्के जड असते. जड हवेत प्राणवायू जास्त, त्याला पेट्रोलही जास्त लागतं.

कार्बोरेटर काही प्रमाणात आपोआप जास्त पेट्रोल ओढतं, पण हवा जेवढी वाढते तेवढं नाही. सगळा हिशोब धरला तर उन्हाळा आणि हिवाळा यांत मिश्रणाचा फरक तीन ते पाच टक्के पडतो. एकच सेटिंग वर्षभर ठेवली तर उन्हाळ्यात पेट्रोल थोडं जास्त होतं, हिवाळ्यात थोडं कमी पडतं. मिस्त्री लोक याला रिच आणि लीन म्हणतात. आपण इथं सरळ पेट्रोल जास्त आणि पेट्रोल कमी असंच म्हणू.

इथं बऱ्याच जणांचा उलटा समज असतो. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून उन्हाळाच धोक्याचा, असं वाटतं. इंजिन थंड व्हायला उन्हात वेळ लागतो हे खरं. पण मिश्रणाच्या बाजूनं बघितलं तर धोका हिवाळ्यात. पेट्रोल कमी पडलं की आतला जाळ जास्त तापतो, आणि टू स्ट्रोकला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. (आरएक्स 100 सारख्या गाड्यांना ऑईलचा पंप वेगळा असतो, त्यांचं ऑईल कमी होत नाही, पण ताप वाढतोच.) पेट्रोल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज जातं. इंजिन मरत नाही.

पावसाळ्याचं सांगायचं तर हवेत वाफ जास्त असते, ती प्राणवायूची जागा खाते, त्यामुळं दमट दिवसात मिश्रण थोडं पेट्रोल जास्तच्या बाजूला झुकतं. फरक दोन-तीन टक्क्यांचा. त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

इथेनॉलनं गणित बदललं

जुन्या माणसांना वाटतं, पूर्वी आम्ही कधी जेट बदलले नाहीत, तरी गाड्या चालल्या. बरोबर आहे. पण तेव्हा पेट्रोल वेगळं होतं. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा 2022 मध्ये गाठला, 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून काही पंपांवर आलं आणि 2025 पर्यंत ते सगळीकडं मिळू लागलं. उसाला आणि मक्याला त्यामुळं गिऱ्हाईक मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. इंजिनाच्या हिशोबाचं मात्र बघावं लागेल.

एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे 9 किलोच पुरते, कारण त्याच्यात प्राणवायू आधीच असतो. 20 टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा किलो लागते. याचा अर्थ तेवढ्याच हवेला हे पेट्रोल जास्त द्यावं लागतं. साध्या पेट्रोलवर बरोबर लावलेलं कार्बोरेटर तेवढंच देतं, म्हणून मिश्रण साधारण आठ टक्के पेट्रोल कमीच्या बाजूला सरकतं.

आता दोन्ही एकत्र करा. इथेनॉलचे आठ टक्के, थंडीचे तीन ते पाच. दोन्ही एकाच बाजूला, पेट्रोल कमीच्या. उन्हाळ्यात ऊन उलट्या बाजूला ओढतं म्हणून मे महिन्यात तोच पंप ठीक चालतो आणि दोष झाकला जातो. तुरीच्या फवारणीला, थंडीत, पूर्ण एक्सलेटरवर, तो उघडा पडतो. सगळ्याच पंपांचं असं होत नाही. काही कंपन्या मुळातच पेट्रोल जास्त ठेवून पाठवतात, त्यांना हा फरक सोसतो. म्हणून ऐकीव गोष्टीवर जेट बदलू नका, आधी आपल्या पंपाची तपासणी करा. कशी, ते खाली आहे.

स्क्रूला हात लावण्याआधी

कार्बोरेटर लावायला बसण्याआधी चार गोष्टी बघायच्याच. यातच निम्म्या पंपांची दुखणी निघतात.

पहिली हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर. आपल्याकडची धूळ कशी असते ते सांगायला नको. कपाशीत फिरणाऱ्या पंपाच्या फिल्टरवर कापसाचे तंतू बसतात. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, दोन-चार थेंब ऑईल चोळून दाबून काढा. कागदी असेल तर झटका, जास्तच खराब असेल तर बदला. फिल्टर काढून पंप चालवू नका. धूळ बोअर खाते आणि वर मिश्रणही एकदम पेट्रोल कमीच्या बाजूला जातं.

दुसरी गोष्ट पेट्रोल. मागच्या हंगामातलं, ऑईल मिसळून कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल असेल तर ते वापरू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. ऑईल पेट्रोलबरोबर वरच राहतं. पंपाची नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला बिगर ऑईलचं पाणी-इथेनॉल मिळतं आणि ते काही मिनिटांत सीज होऊ शकतं. शंका असेल तर पारदर्शक बाटलीत ओतून पंधरा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर ते पेट्रोल बाजूला काढा.

तिसरी गोष्ट, कुठून चोरटी हवा घुसते का. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर तडकलेला असतो, गॅस्केट फाटलेलं असतं, बोल्ट ढिले असतात. अशी हवा आत गेली की कितीही मोठा जेट टाका, पेट्रोल कमीच पडणार. इंजिन स्लोवर चालू ठेवून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. आवाज बदलला तर तिथं गळती आहे. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात; तापलेल्या इंजिनावर ते करू नका, हात भाजतील. जुन्या गाडीत क्रँकचे ऑईल सील गेलेले असतात, तिथूनही हवा ओढली जाते, ते मिस्त्रीचंच काम.

चौथी, प्लग आणि सायलेन्सर. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून भोक बारीक झालं असेल तर जोर जातो आणि लक्षणं पेट्रोल जास्त झाल्यासारखी दिसतात.

आणखी एक सांगतो. थंडीत पहाटे पंप लवकर चालू होत नाही, म्हणून कित्येक जण स्क्रू फिरवत बसतात. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, त्याच्यासाठीच चोक दिलेला आहे. चोक बंद करून दोन-तीन वेळा दोरी ओढा, चालू झाला की मिनिटभरात चोक उघडा. चालूच न होणं हा चोक, प्लग किंवा शिळ्या पेट्रोलचा प्रश्न. चालू झाल्यावर काम करताना तापणं, जोर सोडणं हा जेटचा प्रश्न. दोन्हीची गल्लत करू नका.

कोणता भाग कधी काम करतो

साध्या कार्बोरेटरमध्ये एक्सलेटर किती उघडला आहे त्यावर वेगवेगळा भाग पेट्रोल देतो. स्लोवर आणि अगदी थोड्या एक्सलेटरवर छोटा जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण एक्सलेटरवर मधली सुई. पाऊणच्या वर पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट.

एवढं लक्षात आलं की बराच वेळ वाचतो. मोटारसायकल गावातून-शेतात जाते तेव्हा बहुतेक वेळ पाव-अर्ध्या एक्सलेटरवर असते, तिला हवेचा स्क्रू आणि सुई पुरते. पंपाचा दांडा मात्र आपण पूर्ण उघडून ठेवतो आणि तासभर तसाच चालवतो. त्याला स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी काम करताना काही फरक पडत नाही. त्याचं सगळं मेन जेटवर.

हवेचा स्क्रू

आधी स्क्रू नेमका कशाचा आहे ते ओळखा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत घातला की हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घातला की पेट्रोल कमी. दोन्हीची दिशा उलटी आहे आणि नेमकी इथंच माणसं फसतात. आरएक्स 100 चा हवेचा स्क्रू आहे. साध्या मोपेडच्या कार्बोरेटरला असा स्क्रू नसेल तर सुई बघा. मोठा, स्प्रिंगचा, स्लाइडला उचलणारा स्क्रू हा फक्त स्लो स्पीडचा, त्यानं मिश्रण बदलत नाही.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून चांगलं गरम करा. थंड इंजिनावर लावलेलं कार्बोरेटर म्हणजे मेहनत वाया. मग बंद करून हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घाला, आटे मोजा आणि लिहून ठेवा. ती तुमची जुनी सेटिंग. जोरात आवळू नका, टोक खराब होतं. बहुतेक गाड्यांना एक ते दोन आटे बाहेर इतकी जागा असते. दीड आटा बाहेर काढून चालू करा, स्लो थोडा वाढवा. आता पाव-पाव आटा आत-बाहेर करत जिथं इंजिन सगळ्यात जास्त आणि सरळ फिरतं ती जागा शोधा. तिथून हिवाळ्यासाठी पाव आटा आत घाला, म्हणजे थोडं पेट्रोल जास्त. मग स्लो कमी करून जागेवर आणा.

उन्हाळा लागला, साधारण मार्चअखेर, की पाव आटा बाहेर. दिवाळीनंतर थंडी पडली की पुन्हा पाव आटा आत. एवढ्यासाठी मिस्त्रीकडं जायची गरज नाही. आकडा टाकीच्या खाली मार्करनं लिहून ठेवला तर दर वर्षी शोधत बसावं लागत नाही.

सुई आणि तिची क्लिप

स्लाइड बाहेर काढली की खाली लटकणारी सुई दिसते. तिच्या डोक्याला तीन ते पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली जाते, भोक जास्त झाकलं जातं, पेट्रोल कमी. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई वर येते, पेट्रोल जास्त. पाठ करायचं तर: क्लिप वर, पेट्रोल कमी.

क्लिपची एक खाच म्हणजे हवेच्या स्क्रूच्या पाव आट्यापेक्षा बरीच मोठी उडी. म्हणून दर ऋतूला सुई हलवायची गरज नसते. गाडी अर्ध्या एक्सलेटरवर धक्के देते, चढावर दम टाकते आणि चोक जरासा ओढला की सुधारते, अशी लक्षणं असतील तरच क्लिप एक खाच खाली घ्या. क्लिप बारीक असते, उडते. खाली पांढरा कपडा टाकून काम करा, नाहीतर मातीत शोधत बसाल.

मेन जेट : पंपाचा खरा इलाज

आता पंपाकडं येऊ. तपासणी करताना टाकीत औषध नको, साधं पाणी भरा. पंप गरम करा, दांडा पूर्ण उघडा, नोझल चालू ठेवा, म्हणजे इंजिनावर खरा भार येईल. मिनिटभर तसंच चालू दे. मग चोक अगदी थोडा बंद करा. इंजिनाचा वेग वाढला, आवाज भरला, तर त्याला पेट्रोल कमी पडत होतं. वेग लगेच पडला, गुरगुरलं, तर पेट्रोल पुरेसं किंवा जास्त आहे.

उलटी खात्री करायची तर चालू असताना पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपत जातं तसं मिश्रण पातळ होतं. बंद पडण्याआधी काही क्षण इंजिन आधीपेक्षा छान, मोकळं चाललं तर पेट्रोल जास्त होतं. वेग थोडाच वाढून लगेच बंद झालं तर सेटिंग ठीक आहे. ही तपासणी दोन-तीन वेळाच करा, सारखी नको, कारण तेवढा वेळ इंजिन कोरडं चालतं.

पेट्रोल कमी निघालं तर जेट एकच नंबर मोठा घ्या. जेटच्या नंबरात मात्र गोंधळ आहे. काही कंपन्यांचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: 80 म्हणजे 0.80 मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्यावरून असतो. म्हणून एका कंपनीचा 80 आणि दुसरीचा 80 सारखा नसतो. दुकानात जाताना जुना जेट खिशात घेऊन जा, त्याच बनावटीचा मागा.

व्यासाच्या हिशोबानं 80 च्या जागी 82 टाकला तर भोकाचं क्षेत्र पाच टक्के वाढतं. 83 टाकला तर साडेसात टक्के. थंडीचा फरक भरायला पहिला पुरतो, इथेनॉलचा भरायला दुसरा. आणि तारेनं भोक कोरणारे असतात, त्यांचं गणित बघा: 0.80 चं भोक कोरून 0.85 झालं तर क्षेत्र जवळजवळ 13 टक्के वाढतं. डोळ्याला तो फरक दिसतही नाही. म्हणून जेट तुंबला तर हवेच्या दाबानं फुंकून काढा, फार तर ब्रशचा नायलॉनचा एक तंतू घाला. तांब्याची तार, सेफ्टी पिन, सुई, काहीही घालू नका.

हिवाळ्यात मोठा घातलेला जेट उन्हाळ्यात काढावा का? पंपाला माझ्या मते गरज नाही. उन्हाळ्यात थोडा धूर करेल, पेट्रोल थोडं जास्त खाईल, इंजिन राहील. मोटारसायकलच्या मेन जेटला तर ऋतूप्रमाणं हात लावायचंच कारण नाही, तिथं हवेचा स्क्रू पुरे. ज्यांना उन्हाळ्यातलं पेट्रोल वाचवायचं आहे त्यांनी दोन्ही जेट डबीत ठेवावेत.

ग्रास कटर, चेन सॉ

यांच्या कार्बोरेटरला वाटी आणि फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो, म्हणून ते आडवं-उभं कसंही चालतं. त्यावर बहुधा दोन बारीक स्क्रू असतात, एल आणि एच. एल स्लोसाठी, एच पूर्ण एक्सलेटरसाठी. इथं दोन्ही पेट्रोलचे स्क्रू आहेत, बाहेर काढला की पेट्रोल जास्त. एच लावताना नियम हा की बिनभाराचं पूर्ण एक्सलेटर दिल्यावर आवाज थोडा फडफडलेला असावा, गवतात घातल्यावर लगेच साफ व्हावा. बिनभारानं किंचाळल्यासारखा एकदम तीक्ष्ण आवाज येत असेल तर पेट्रोल कमी आहे, लगेच एच थोडा बाहेर काढा. बिनभारानं जास्त वेळ ओढून धरू नका. काही मशीनवर या स्क्रूंना टोपी बसवलेली असते, जास्त फिरू नयेत म्हणून. ती उपसून काढू नका. इथेनॉलनं यातला रबरी पडदा कडक होतो. मशीन दोन-तीन वर्षांचं असेल आणि लावूनही स्थिर राहत नसेल तर पडद्याचा किट बदला.

प्लग काय सांगतो

पूर्ण एक्सलेटरवर दोन मिनिटं भारावर चालवून, दांडा खाली न आणता थेट स्विचनं बंद करा. गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर, क्लच दाबून. स्लोवर आणून बंद केलं तर प्लग स्लोचं खोटं सांगतो. चहासारखा तपकिरी रंग आला तर ठीक. काळा, ओला, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त, नाहीतर फिल्टर तुंबलाय. पांढरा, राखेसारखा, वर बारीक ठिपके असतील तर पेट्रोल कमी, त्या पंपानं पुढची टाकी मारू नका. इथेनॉलच्या पेट्रोलवर रंग थोडा फिकाच येतो, म्हणून नुसत्या रंगावर निर्णय घेण्यापेक्षा चोकची तपासणीही करा. प्लग स्वच्छ असावा, जुन्या काजळीच्या प्लगवर नवा रंग कळत नाही.

प्लगशिवाय दुसरी खूण म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिनाची रेस लगेच खाली येत नाही, लटकून राहते. हे पेट्रोल कमी असल्याचं किंवा चोरट्या हवेचं लक्षण.

धूर कमी करायला ऑईल कमी करू नका

गाडी धुरकते म्हणून ऑईल कमी टाकायची सवय फार आहे. त्यानं धूर कमी होतोही, पण इंजिन संपतं. ऑईल किती टाकायचं ते पंपाच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळा. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली. पाच लिटरच्या कॅनला 200 किंवा 100 मिली. ऑईल टू स्ट्रोकचंच, ट्रॅक्टरचं नाही. अंदाजानं ओतण्यापेक्षा मापाची बाटली घ्या, पण औषध मोजायचं झाकण ऑईलला आणि ऑईलचं औषधाला वापरू नका.

ऑईल वाढवलं म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. लिटरला 20 च्या जागी 40 मिली टाकलं तर तेवढ्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल दोन टक्के कमी होतं. म्हणजे जेट न बदलता ऑईल दुप्पट केलं तर मिश्रण उलट थोडं पेट्रोल कमीच्या बाजूला जातं. आधी ऑईलचं माप ठरवा, मग जेट लावा, आणि नंतर माप बदलू नका.

मे महिन्यातला वेगळा त्रास

उन्हात उभी केलेली गाडी अर्ध्या तासानं किक मारली तर चालू होत नाही. लोक चोक ओढतात आणि आणखी बिघडवतात. तापलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाफ होऊन इंजिनात भरलेलं असतं, म्हणजे पेट्रोल आधीच जास्त झालेलं असतं. चोक नको. कॉक बंद करा, एक्सलेटर पूर्ण उघडा, पाच-सहा किका मारा. चालू झाली की कॉक उघडा. गाडी सावलीत लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पंपाची टाकी उन्हात फुल्ल भरू नका, फुगून झाकणातून पेट्रोल बाहेर येतं, आणि गरम इंजिनावर तर भरूच नका.

दिवाळीच्या सुट्टीत जुनी आरएक्स घेऊन कोकणात जाणारी पोरं आहेत आपल्याकडं. तिथं समुद्रकाठी हवा आपल्यापेक्षा साधारण पाच टक्के जड असते. घाट उतरण्याआधी हवेचा स्क्रू पाव आटा आत घाला आणि खाली गेल्यावर पूर्ण एक्सलेटरवर फार वेळ पळवू नका. परत आल्यावर पुन्हा पाव आटा बाहेर.

हंगाम संपला की पंपाची टाकी पूर्ण रिकामी करा, मग पंप चालू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत स्लोवर चालू ठेवा. प्लग काढून आत चमचाभर टू स्ट्रोक ऑईल सोडा, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा, प्लग बसवा. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरापेक्षा जास्त ठेवू नका, लागेल तेवढंच मिसळा. तुरीची फवारणी तोंडावर येण्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटी, पंप एकदा काढून पाण्यावर चालवून बघितला तर जेट आणायला वेळ मिळतो.